दादा आहेत, त्यांना विचार

‘ताई, माझं वय 29. एमएसडब्ल्यू करून सहा वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यात, केज-धारूरच्या पट्ट्यातल्या एका लहान संस्थेत रुजू झाले. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांची शाळा सुटू नये म्हणून आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. हे काम उभं केलं आमच्या दादांनी. मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, घरी अंथरुणावर आहेत. तेव्हापासून सगळं माझ्यावर येऊन पडलंय. दादांनी 30 वर्षं मानधन घेतलं नाही, रविवार पाळला नाही. वहिनी झेडपीच्या शाळेत शिक्षिका होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. मला महिन्याला 14 हजार मिळतात आणि तेही घेताना लाज वाटते. कपाट उघडलं तर निम्म्या गोष्टी कुठे लिहिलेल्याच नाहीत, सगळं दादांच्या डोक्यात. मग राग येतो, आणि अशा माणसाचा राग आला म्हणून स्वतःचीच शरम वाटते. सहकारी उठताबसता म्हणतात, “दादा असते तर असं झालं नसतं.” त्यातच माझं लग्न ठरलंय. मुलगा लातूरला नोकरी करतो. चार दिवस इथे, तीन दिवस लातूरला असं राहिले तर ती दादांशी गद्दारी होईल का? त्यांच्याकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, तेच कळेनासं झालंय.’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. ‘दादा असते तर.’ अगं, दादा आहेत. त्यांची उजवी बाजू गेली, ते गेलेले नाहीत. तू मार्चपासूनचं सगळं लिहिलंस, पण त्यांना भेटायला गेलीस तेव्हा काय बोलणं झालं, याची एक ओळही पत्रात नाही. मला वाटतं, तुम्ही सगळे जाता, पायाशी बसता, ‘बरं वाटतंय ना’ म्हणता आणि डोळे पुसत परत येता. त्यांना त्रास नको म्हणून कामाचं काहीच विचारत नाही. ज्या माणसानं 30 वर्षं दुसरं काही केलं नाही, त्याच्याशी आता कामाचं कुणी बोलतच नाही. त्यांना काय वाटत असेल?

यावर मी पुन्हा येते. आधी मला माझ्या बाईंबद्दल सांगू दे, कारण तू जे विचारतेस तेच मी तीस वर्षांपूर्वी स्वतःला विचारत होते, आणि उत्तर चुकले होते.

मी ज्यांच्या हाताखाली घडले त्यांना आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणायचो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक उशिरा घरी येऊन गाढ झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. घरं माणसांवरच बसली. मी तेव्हा 23 वर्षांची होते, कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. सास्तूरच्या बाजूच्या एका गावात आमची तुकडी गेली, तिच्या प्रमुख बाई होत्या.

पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग. शहरांतून ट्रकच्या ट्रक आले होते. पँटी, स्वेटर, झालरीचे फ्रॉक. लुगडं नेसणाऱ्या बायकांनी त्यांचं करायचं काय? सगळं चिखलात भिजत पडलं होतं. आम्ही पोरापोरींनी लगबगीनं औषधांची खोकी उतरवायला घेतली. बाई म्हणाल्या, ‘खोकी राहू द्या. आधी बसा.’ तो अख्खा दिवस त्या पत्र्याच्या एका आडोशाला बसून होत्या. जखमा बांधत होत्या, पण येईल तिला विचारत होत्या, ‘मावशे, काय लागतंय?’ बिस्किटं कुणीच मागितली नाहीत. तरण्या पोरींनी आंघोळीपुरता आडोसा मागितला. आणि एका म्हातारीनं तिचा पाटा मागितला. घराच्या ढिगाऱ्याखाली गेलेला पाटा-वरवंटा.

मला ते खुळेपणाचं वाटलं, आणि मी तसं बोललेही. बाईंनी मला आणि दोघा पोरांना फावडं देऊन पाठवलं. अर्धा दिवस उपसल्यावर पाटा निघाला, वरवंट्याचे दोन तुकडे झाले होते. संध्याकाळी म्हातारीनं त्या अर्ध्या वरवंट्यानं लसूण-मिरची वाटली आणि आमच्या हातावर भाकरीबरोबर ठेचा ठेवला. तिच्या घरातली चार माणसं गेली होती. चार दिवस ती नुसती घेत होती, येईल ते, कुणाच्याही हातून. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा कुणाला काही दिलं. ती आमच्याकडे बघत होती ते मला अजून दिसतं. बाई काही बोलल्या नाहीत. ठेचा खाल्ला आणि आणखी मागितला.

आपल्या क्षेत्रातली जी माणसं मला खरोखर मोठी वाटतात त्यांच्यात हा एक धागा मला सारखा सापडत आला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग 1986 मध्ये गडचिरोलीत गेले. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन केलं, तो त्या जिल्ह्यात आहे हे दाखवून दिलं. पण लोकांना तो आपला प्रश्न वाटतच नव्हता. ही गोष्ट डॉ. बंग स्वतः जाहीर भाषणांतून सांगत आले आहेत, आपण प्रश्न लोकांना विचारून निवडला नव्हता असं म्हणत. इतकं यश मिळाल्यावर आपल्या चुकीची गोष्ट अशी सांगत राहायची, हे मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा जास्त शिकवून गेलं.

बाईंकडे एक वही असायची. रोज रात्री कंदिलाच्या उजेडात त्या दिवसभराची नोंद करायच्या आणि शेवटी एक ओळ असायची, आज कोण काय शिकलं त्याची. ‘सरपंचाच्या सुनेनं जखम धुऊन पट्टी बांधली. आपण हात लावला नाही.’ ‘शाळेतल्या मोठ्या मुलीला क्लोरीनच्या गोळ्यांचा हिशेब जमला.’ ज्या रात्री ती ओळ लिहायला काही नसायचं, त्या रात्री बाई जेवताना गप्प असायच्या, मग दिवसभरात दोनशे माणसं तपासलेली असोत.

आता माझ्या चुकीबद्दल. बाईंची ही वही मी पाहिली, पण उचललं मी भलतंच. बाई रात्री अकराला जेवायच्या, म्हणून मी अकराला जेवायला लागले. बाई सणाला घरी जायच्या नाहीत, मीही जाईना. दोन वर्षांनी माझ्या आईचं ऑपरेशन होतं. मी स्वतःला विचारलं, बाई गेल्या असत्या का? आणि तिसऱ्या दिवशी पोचले. आई काही म्हणाली नाही, नुसता हात हातात घेतला. ते मला आजही सलतं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या कौतुक करतील असं कुठेतरी मनात होतं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘माझी आई मी लहान असतानाच गेली. तुझी आहे.’

बाई त्यांच्या परिस्थितीतून तशा झाल्या होत्या. त्यांना घरी जायला घरच नव्हतं. मी त्यांचं एकटेपण ‘त्याग’ म्हणून अंगावर चढवलं. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांची पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. आजूबाजूच्या माडिया आदिवासी माणसांच्या अंगावर वस्त्र नाही, मग आपण सुटाबुटात कसं वावरायचं, या अस्वस्थतेतून ते आलं. उद्या तू किंवा मी तसे कपडे घातले तर ती अस्वस्थता आपल्यात येईल का? तशी दादांची सुट्टी न घेणं ही त्यांच्या आयुष्यातली गोष्ट आहे. ती काही कामाची रीत नव्हे.

आणि आता वहिनींबद्दल. तू पत्रात त्यांना एक ओळ दिलीस, घाईत लिहून गेलीस. ‘वहिनी झेडपीच्या शाळेत शिक्षिका होत्या.’ मी ती ओळ तीनदा वाचली. दादांनी 30 वर्षं मानधन घेतलं नाही, कारण दर महिन्याला वहिनींचा पगार घरी येत होता. दादांना रविवार नव्हता, कारण रविवारी घरातलं दळण, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचं औषध, येणाऱ्याजाणाऱ्या कार्यकर्त्यांचं जेवण कुणीतरी बघत होतं. मी दादांना कमी लेखत नाही. पण हे काम दोघांनी मिळून केलं आणि संस्थेच्या अहवालांत एकाचंच नाव असेल, अशी मला दाट शंका आहे.

बाबा आमट्यांच्या बाबतीतही पाहा. 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झालं तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये होते, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या ओसाड जमिनीवर, विंचूसापांत, लहान मुलं घेऊन साधनाताई होत्या. पुढे मणक्यांच्या दुखण्यानं बाबांना बसता येईना, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तशा अवस्थेत त्यांनी 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. ते धैर्य बाबांचंच. पण साधनाताईंना वगळून बाबांचा एकही दिवस पुरा सांगता येत नाही, आणि आनंदवनातली जुनी माणसं तो तसा सांगतही नाहीत.

तुला वहिनी नाहीत. म्हणजे तुझ्या मागे कुणाचा सरकारी पगार नाही. तेव्हा 14 हजारांची लाज सोड. खरं तर ते कमी आहेत. उद्या विश्वस्तांच्या सभेत हा विषय तू स्वतः कार्यक्रमपत्रिकेवर घाल. समन्वयकाचं मानधन किती, रजा किती, आजारपणात काय, हे ठरावात लिहून घे. फक्त स्वतःसाठी मागायला संकोच वाटत असेल तर स्वयंपाकाच्या मावशींपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचं माग, त्यात तुझंही येईल. जी संस्था मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन अर्ध्या मजुरीवर राबणाऱ्या माणसांसाठी उभी आहे, तिनं आपल्या माणसांना लाजेखातर अर्ध्या पगारावर राबवू नये.

आता तुझा राग. तो मला अगदी रास्त वाटतो. कोणता मुकादम मुलांना मागे ठेवू देतो आणि कोणता अडवतो, कोणत्या घरात सांभाळणारी आजी आहे, कुणाला फोन केला की धान्य येतं, हे 30 वर्षांत कुठेच लिहून ठेवलं नाही, ही दादांची चूक आहे. मोठी माणसंही चुका करतात. राग आला म्हणून कृतज्ञता आटत नाही. बाई गेल्या तेव्हा मी वर्षभर त्यांच्यावर रागावलेली होते. दुसऱ्यांचा रक्तदाब तपासत हिंडल्या आणि स्वतःच्या गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत. त्या रागातच मी त्यांच्या वह्या लावून ठेवल्या, आणि त्या वह्यांवर आमचं पुढचं सगळं प्रशिक्षण उभं राहिलं.

दादांच्या चुकीची दुसरी बाजू मला जामखेडच्या कामात दिसली. तुझ्या जिल्ह्याला लागूनच आहे जामखेड, कधी गेली नसशील तर जा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथे लक्षात आलं की बरी करून पाठवलेली माणसं त्याच आजारानं पुन्हा दारात येतात. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडला काम मांडलं. कायम दुष्काळी भाग. हजार जन्मांमागे 176 मुलं वर्षाच्या आत दगावायची.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगावी ठेवून पाहिल्या. जमलं नाही. परक्या गावात एकट्या तरुण मुलीला राहणं अवघड, आणि गावाचा तिच्यावर विश्वास नाही. तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. पोक्त, बऱ्याच निरक्षर, कितीतरी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि परत जाऊन गावाला शिकवायच्या. बाळंतपण, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, मुलांची वजनं. पुरुषांना गोळा करायला डॉक्टर गावात व्हॉलीबॉल खेळत, मग त्यातून सगळ्या जातींच्या पोरांची शेतकरी मंडळं झाली. पाण्यासाठी बोअर घेतले तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवले. ज्यांना पाणी हवं त्यांना त्या वस्तीत यावंच लागे. वीसेक वर्षांत तो 176 चा आकडा तीसच्या खाली आला.

त्या बायकांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनच्या एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या होत्या. सभागृहात वर झगमगती झुंबरं. त्यांनी जवळचा साधा दिवा दाखवून सांगितलं की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे पण महागडे आणि उंचावरचे. हा दिवा साधा आहे, पण त्याच्यावर दुसरा दिवा लावता येतो. आरोळे पतिपत्नींना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांचं मोठेपण यात दिसतं, की जगापुढे उभं राहून जामखेडची गोष्ट मुक्ताबाई सांगत होत्या. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये. काम चालू आहे.

किल्लारीतही पुढे हेच घडलं. पुनर्वसनात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घर कसं बांधलं जातंय, सिमेंट किती पडतंय, पैसे कुठे अडलेत, हे बायका बघू लागल्या. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडच्या बायकांना आधार द्यायला गेल्या. सात वर्षांपूर्वी ज्यांना मदतीच्या रांगेत पाहिलं होतं, त्या दुसऱ्यांना वाट दाखवायला निघाल्या होत्या. ती बातमी ऐकून मला पाट्यावर लसूण वाटणारी म्हातारी आठवली.

दादांनी तुला शिकवलं, ते उत्तम केलं. पण तू एकटीच शिकलीस. आता तूही सगळं आपल्या डोक्यात ठेवू नकोस, आधीच दमली आहेस म्हणून तो मोह होणार. तुमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी आहेत ना? माझा अंदाज आहे, त्यांनी स्वतः कधीतरी ऊसतोडीला कोयता धरलेला असेल. कारखान्याच्या माळावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, मूल कसं आजारी पडतं, हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यांना मुलांच्या नोंदीच्या कामात घे. लिहिता येत नसेल तर त्या सांगतील आणि आठवीतली मुलगी लिहील. हे चांगलं दिसतं म्हणून करू नकोस. काम तुझ्या एकटीच्या तब्येतीवर टांगलेलं राहू नये म्हणून कर.

लातूरबद्दल. 1990 मध्ये बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी राहायला गेले, दहाएक वर्षं तिथे राहिले. मागे आनंदवन डॉ. विकास आमटे बघत होते, हेमलकसा 1973 पासून प्रकाश आणि मंदाकिनी बघत होते. स्वतः उभं केलेलं काम मागे ठेवून बाबांना जाता आलं. आठवड्यातले तीन दिवस तू नसशील तेव्हा तुलाही कळेल की काम उभं आहे की तू ते धरून ठेवलंयस. सुरुवातीला गडबड होईल. गॅस संपेल, एखादं मूल तापेल, तुला रात्री फोन येईल. येऊ दे. हळूहळू फोन कमी होतील. आणि ज्याच्याशी लग्न करतेस त्याला हंगाम म्हणजे काय ते आधीच दाखव. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या आठवड्यात त्याला वसतिगृहावर बोलाव. ट्रकमध्ये चढणारी आई मागे वळून पोराकडे कशी बघते, ते त्यानं एकदा बघितलं की नोव्हेंबर ते मार्चमधली तुझी ओढाताण त्याला समजावून सांगावी लागणार नाही. हे बघूनही तो कुरकुरला, तर लग्नाआधी ते कळलेलं बरं. मला तो कुरकुरेल असं वाटत नाही. तुझ्या पत्रात त्यानं काही अडवल्याची एकही ओळ नाही. अडवते आहेस तूच.

गद्दारी हा शब्द मात्र मला फार खुपला. दादांनी तुला कधी म्हटलं का, लग्न करू नकोस? बहुधा नाही. तसं असतं तर तू लिहिलं असतंस.

थोडं कोरडं पण गरजेचं. बँकेत सह्यांचे अधिकार कुणाकडे आहेत ते या आठवड्यात बघ. दादांची सही लागत असेल आणि उजवा हात चालत नसेल, तर ऐन हंगामात खातं अडकेल. दादा विश्वस्तपदावरून मोकळे होणार असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, 90 दिवसांत द्यावा लागतो. त्याला उशीर झालेल्या संस्थांची धावपळ मी पाहिली आहे. ऑडिट करणाऱ्या साहेबांना सोबत घे. दादांच्या मागे हे करणं म्हणजे त्यांना बाजूला सारणं, असं मनात आणू नकोस. त्यांच्यासमोर बसून कर.

म्हणजे पुन्हा दादांकडे आलो. वहिनींना आधी फोन कर आणि विचार, दादा दिवसात कधी ताजेतवाने असतात. अर्धांगवायूच्या माणसाला लवकर थकवा येतो. अर्ध्या तासाच्या वर बसू नकोस. लांब प्रश्न नेऊ नकोस. ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे विचार. या गावचा मुकादम ऐकतो का? या घरातली आजी धड आहे का? गावांची यादी मोठ्या अक्षरात लिहून ने, त्यांना डाव्या हातानं बोट ठेवता येईल. शब्द सापडत नसेल तर वाट बघ, त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. तो मोह आपल्याला फार होतो, आणि समोरच्या माणसाला ते फार लागतं. पहिल्या दिवशी कदाचित रडतील. अशा आजारात रडू लवकर येतं. घाबरून वही मिटू नकोस. पाणी दे, थांब, आणि पुढच्या गावाचं नाव वाच.

वहिनींनाही विचार. मला तर वाटतं, निम्मी उत्तरं त्यांच्याकडेच असतील. तीस वर्षं त्या घरात बसून त्यांनी सगळे फोन ऐकलेत. निवृत्त शिक्षिका आहेत, अक्षर चांगलं असणार. दादा सांगतील, वहिनी लिहितील, असं जमलं तर किती बरं होईल. तुझ्यासाठीही आणि त्या दोघांसाठीही.

आणि सहकारी पुन्हा ‘दादा असते तर’ म्हणाले, की त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांच्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत घेऊन जा. त्याचा प्रश्न त्यालाच दादांना विचारू दे.

दसऱ्याला फार दिवस राहिलेले नाहीत. टोळ्या निघायच्या आत निदान पहिली वीस गावं लिहून होऊ देत. वसतिगृहात या हंगामात किती मुलं राहिली ते मला कळव. लग्नाची तारीखही कळव.

तुझी,
ताई